लाल दोऱ्याचं पातेलं

आमच्या घरात एका पातेल्याच्या झाकणाला लाल दोरा बांधलाय. पाहुण्यांना वाटतं नजरेसाठी असेल. तसं काही नाही. त्या पातेल्यात तिसऱ्या, कालवं आणि माकुलं शिजतात आणि ती घरात मी एकटीच खाते. दोरा अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बांधला. लग्नाला तिसरा आठवडा होता. तळोज्याच्या बाजारात मला टपोऱ्या तिसऱ्या दिसल्या, गावाकडे आम्ही त्यांना मुळे म्हणतो, आणि माझा तोल गेला. घरी आणून मिठाच्या पाण्यात ठेवल्या, रेती सोडू दिली, उकळायला टाकल्या. अम्मी स्वयंपाकघरात आल्या, झाकण उचललं आणि म्हणाल्या, "ये क्या, पत्थरां उबाल रही क्या?"

अम्मी मिरजेच्या. त्यांच्या लेखी मासा म्हणजे खवलं आणि काटा असलेला. कोळंबीला त्या नाइलाजाने हो म्हणतात. शिंपल्यात राहणारं काहीही त्यांच्या ताटात चालत नाही. यात हट्ट नाही, फिकहचा, म्हणजे धर्मनियमांचा, प्रश्न आहे. त्या हनफी, आम्ही कोकणी मुसलमान शाफई. हनफी मताप्रमाणे पाण्यातलं फक्त मासळी वर्गातलं चालतं. शाफई मताप्रमाणे समुद्रातला बहुतेक सगळा जीव चालतो. इमाम अबू हनीफा 767 साली वारले आणि त्याच वर्षी इमाम शाफईंचा जन्म झाला. म्हणजे दोघांची कधी गाठ पडली नाही. ती बाराशे वर्षांनी आमच्या ओट्यावर पडली.

माझ्या बाजूनेही सगळं सरळ नाही. चिंबोरीवरून शाफईंच्या जुन्या ग्रंथांतच वाद आहे. ती पाण्यात राहते आणि जमिनीवरही चालते, म्हणून नववींसारख्या मोठ्या फकीहाने तिला बेडकाच्या पंक्तीला बसवून नको म्हटलं. हे मला वयाच्या पंचविसाव्या वर्षी कळलं. तोवर सावित्रीच्या खाडीकाठी आमच्या सात पिढ्यांनी चिंबोरीच्या नांग्या फोडल्या असतील. नानीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "त्याने आपली चिंबोरी बघितलेली नसेल."

मी शाळेत इतिहास शिकवते. सनावळ्या मुलांकडून घोकून घेते आणि संध्याकाळी घरी येऊन कांदा चिरते. या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं मला तो लाल दोरा बांधला जाईपर्यंत वाटलं नव्हतं. नंतर नकाशा काढून बसले. केरळचे मापिळा, भटकळचे नवायत, श्रीलंका, मालदीव, इंडोनेशिया, पूर्व आफ्रिकेचा किनारा, सगळीकडे शाफई. जिथे इस्लाम अरबांच्या गलबतांतून आला तिथे शाफई मत रुजलं, आणि जिथे तो तुर्क-अफगाणांबरोबर घोड्यावरून, खुष्कीच्या वाटेने आला तिथे हनफी. मिरज घाटावर, आमचं बाणकोट खाडीवर. आमच्या लग्नात मुलीकडची आणि मुलाकडची माणसं वेगवेगळ्या दिशांनी आली होती असं फुफी म्हणते, ते तिला वाटतं त्याहून खरं आहे.

लोक आम्हाला विचारतात, तुम्ही सिद्दी का? मुरुडला किल्ला बघून आलेला माणूस हमखास विचारतो. सिद्दी आफ्रिकेतून आले, त्यांची कहाणी निराळी. मग पुढचा प्रश्न, तुम्ही मुसलमान असून मराठी इतकी चांगली कशी? याला उत्तर देणं मी सोडून दिलंय. आमची आडनावं वाचली तरी पुरे आहे. खोत, देशमुख, सरखोत, मुकादम, परकार, हर्णेकर, दाभोळकर. आणि नाखवा. नाखवा हा फारसी नाखुदा, नावेचा धनी. तोच शब्द कोळीवाड्यातही आहे, तिथल्या गाण्यांत तर सारखा येतो. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, तेव्हा समुद्रावर कोण कुठल्या बाजूला हेही पुस्तकात दिसतं तितकं साधं नव्हतं.

अम्मींना हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अच्छा, फिर दिखाओ कहाँ लिखा है." त्यांना लेखी पुरावा लागतो. निवृत्त होईपर्यंत त्या सरकारी दप्तरात होत्या. आमच्या घरात रविवारच्या सहली सुरू झाल्या त्या यामुळे. नवरा, अम्मी, नणंद, मी आणि डबे.

पहिली सहल चिंचणीची. वाणगावला उतरून रिक्षा केली. चिंचणीला सुरूची झाडं आहेत, लांबलचक किनारा आहे, ताडीवाले आहेत. मी जे दाखवायला नेलं होतं त्यातलं काहीच तिथे नाही. चिंचणीला काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके 848 चा, म्हणजे 926 सालचा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या संजाण भागाचा, एक अधिकारी येतो. त्याला हा मुलूख आधीच्या कृष्णराजाने दिला होता. नाव मधुमती सुगतिप, बापाचं नाव साहियारहार. तो ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे मोहम्मद या नावाचं संस्कृत रूप असल्याचं अभ्यासक सांगतात. हा गृहस्थ संस्कृत ताम्रपटात मधुमती म्हणून बसला आणि एका ब्राह्मणाने उभारलेल्या देवीच्या मठासाठी दिलेल्या दानाच्या कागदात आला, यावर मी वर्गात एक अख्खा तास घालवू शकते. पण मला त्यातलं दुसरंच एक कलम आवडतं. या मधुमतीने नदीवर फुकट होडी चालू केली. आणि एक अन्नछत्र घातलं. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळत असे. ताम्रपटात हे पदार्थ नावानिशी आहेत.

वाळूत चादर पसरून हे वाचून दाखवलं. अम्मी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सालन काहे का था?"

ते लिहिलेलं नाही. हजार वर्षांपूर्वीच्या अन्नछत्रातलं कालवण कशाचं होतं हे विचारणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक इतिहासकार, दुसरी ज्यांनी जन्मभर दोन वेळचं रांधलंय ती. मठाला दान दिलेल्या ताम्रपटात तिसऱ्यांचं कालवण असण्याची शक्यता नाही, एवढं मी कबूल केलं. अम्मींनी डबा उघडला. त्यात त्यांची ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि सुकं मटण होतं. माझ्या डब्यात आखणी.

आखणीबद्दल थोडं सांगते, कारण तिला बिर्याणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. बिर्याणीत भात वेगळा, मटण वेगळं, मग थर. आखणीत मटण शिजवताना सुटलेल्या रश्शातच तांदूळ पडतो आणि त्या पाण्यातच शिजतो. शब्द यखनीवरून आलाय, यखनी म्हणजे मटणाचं पाणी. एका भांड्यात होते, चुलीसमोर कमी बसावं लागतं, पन्नास माणसं आली तरी पाणी-तांदूळ वाढवला की झालं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांतून कोकणी मुसलमान दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेले. दुकानं काढली, वस्ती केली. केपटाऊनच्या घरांत आजही अखनी नावाचा भात शिजतो. तिथली पोरं कोकणी बोलत नसतील, भांड्यात मात्र तो शब्द टिकून आहे. मी ती प्रेशर कुकरमध्ये करून पाहिली. तीन शिट्ट्यांत खिमट झालं. नवऱ्याने "हलीम चांगला झालाय" म्हणून दोनदा वाढून घेतलं, तो माणूस चांगला आहे.

इब्न बतूता मात्र अम्मींना पहिल्यापासून आवडला. चौदाव्या शतकाच्या मध्यावर हा प्रवासी होन्नावरला आला. आपल्या किनाऱ्याचाच खालचा भाग तो, आज कर्नाटकात. लोक शाफई. त्याने लिहून ठेवलंय की गावात मुलींच्या तेरा शाळा आणि मुलग्यांच्या तेवीस पाहिल्या, अशा दुसऱ्या कुठे दिसल्या नाहीत. इथल्या बायकांना कुराण तोंडपाठ असतं, त्या शिवलेलं कापड घालत नाहीत, एकच लांब वस्त्र कमरेला गुंडाळून उरलेलं डोक्यावरून आणि छातीवरून घेतात, नाकात सोन्याचं वळं घालतात. आता हे लुगडं झालं की नाही? मी वर्गात हे वाचते तेव्हा मुली मान वर करतात.

तिथल्या सुलतानाकडची जेवणाची पद्धतही त्याने बारकाईने टिपली आहे. एक रेशमी वस्त्र नेसलेली बाई तांब्याच्या मोठ्या पळीने भात वाढते, वर तूप सोडते, बाजूला मिरी, आलं, लिंबू आणि आंब्याची लोणची. मग एकेक पदार्थ येत राहतो आणि प्रत्येकाबरोबर पुन्हा भात. शेवटी दही-ताकासारखं काहीतरी, म्हणजे जेवण संपलं. आपल्याकडे अजून ताकानेच संपतं. पुढे तो कुरकुर करतो. पुन्हा एकदा अकरा महिने या सुलतानाकडे राहिलो, पोळी म्हणून दिसली नाही, कारण यांचं अन्न भात. मालदीव, श्रीलंका आणि पुढच्या किनाऱ्यांवर मिळून तीन वर्षं फक्त भात खाल्ला, शेवटी पाण्याचा घोट घेतल्याशिवाय तो घशाखाली उतरेना.

"बेचारा," अम्मी म्हणाल्या. आमच्याकडे आठवड्यातून पाच दिवस माझ्यामुळे भात होतो.

या सगळ्या जुन्या मजकुरात भात वाढणारी ती बाई मला सारखी खुपते. नाव नाही. इब्न बतूताला काझी, नाखुदा, सुलतान सगळ्यांची नावं आठवतात. तिचं रेशीम आठवतं, नाव आठवत नाही. आमच्या समाजाचा इतिहास लिहिणारे, त्यात आमच्या जमातीचे ज्येष्ठही आले, नेहमी गलबतांपासून सुरुवात करतात. कोण बसऱ्याहून आलं, कोण हजरमौतहून, कोणाचा शजरा, म्हणजे वंशावळ, कुठवर जातो. गलबतावर बायका किती होत्या, हे कोणी विचारत नाही. माणूस समुद्रातून आला आणि इथे भात-नारळ-कोकम खायला लागला. म्हणजे चूल आधीपासून पेटलेली होती आणि तिच्यासमोर कोणीतरी बसलेलं होतं.

मुंबईच्या सगळ्यांत मोठ्या कोकणी संताची, मखदूम अली माहिमींची, गोष्टही आईपासूनच सुरू होते. ते 1372 ते 1431 या काळातले. कुराणावर त्यांनी अरबीत भाष्य लिहिलं, शाफई फिकहवरचं एक पुस्तकही त्यांच्या नावावर आहे. पण माहीमच्या दर्ग्यात आलेल्या कोणत्याही बाईला विचारा, ती भाष्याचं सांगणार नाही. ती सांगेल, आईने रात्री पाणी मागितलं, हे घेऊन आले तोवर तिचा डोळा लागला, आणि वाटी हातात धरून ते पहाटेपर्यंत उभे राहिले. लहानपणी डिसेंबरात माहीमच्या जत्रेला यायचं ही आमची वर्षातली एकमेव मोठी सहल असे. एसटीने मुंबई, मामूंच्या खोलीत चौदा माणसं, संध्याकाळी जत्रा. उरुसात पोलिसांची चादर वाजतगाजत येते, त्याचं मला फार नवल वाटायचं, कारण गावात पोलीस आले की आम्ही आत पळायचो. नानी प्रत्येक वेळी पाण्याच्या वाटीची गोष्ट सांगायची आणि मामूंकडे बघायची. मामू त्या वेळी पाळणा बघत असत.

नानी एरवी मुंबईला यायला तयार नसायची. तिच्या आईच्या काळातली माणसं बोटीने येत. 17 जुलै 1947 ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेवर माणसं गेली. आखाडी अमावास्येचा दिवस होता, रमजानही दोन-तीन दिवसांवर आला होता. त्या वर्षानंतर आमच्या घरातल्या बायकांनी पावसाळ्यात बोटीचं नाव काढलं नाही. पुरुषांना मात्र बोट सुटली नाही.

नाना बोटीवर भंडारी होते. भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. डेकवर सारंग, त्याच्या खाली तांडेल, मग खलाशी, आणि या सगळ्यांच्या पोटाची जबाबदारी भंडाऱ्याची. कोकणातल्या किती गावांतली किती माणसं मुंबईत येऊन अशी परदेशी कंपन्यांच्या बोटींवर चढली, त्याची मोजदाद आमच्या कबरस्तानात होत नाही, कारण काही परतलीच नाहीत. नाना परतले. वीस वर्षं त्यांनी चाळीस-चाळीस माणसांचा भात शिजवला. घरी आले की मात्र पाण्याचा तांब्याही स्वतःहून घेत नसत. नानीला मी एकदा विचारलं, तुला राग नाही यायचा? ती म्हणाली, "त्यांच्या हातची आमटी मी एकदाच खाल्ली. मला ताप होता. तेव्हा कळलं, हे बोटीवर बरे आहेत."

नवरा दोन-दोन वर्षं समुद्रावर. शेत कसायचं, खोताशी भांडायचं, पोरांना ओढायचं, मनीऑर्डर येईपर्यंत निभवायचं. ओहोटी लागली की बायका खाडीत उतरायच्या, चिखलात पायाच्या अंगठ्याने मुळे शोधायच्या. ते फुकट मिळत. माझ्या पातेल्यावरचा दोरा बघून नानी जे म्हणाली ते त्यामुळे. म्हणाली, "आम्ही आवडीने नाय खाल्ले पहिल्यांदा. हातात पैसे नव्हते म्हणून खाल्ले. आवड मागाहून लागली." मी शाफई फिकह, अरब व्यापार, हिंदी महासागर असा सगळा डोलारा उभा केला होता. नानीच्या त्या दोन वाक्यांनी त्याचा एक खांब हलला. फिकहने परवानगी दिली हे खरंच. पण परवानगी असलेलं सगळं माणूस खात नाही. भुकेनेही काहीतरी ठरवलेलं असतं.

1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि आमची माणसं बोटीऐवजी विमानात बसू लागली. कुवेत, दोहा, दुबई. गावात सिमेंटची घरं उठली, त्यांना रंग असे पिस्त्याचा नाहीतर गुलाबाचा. आणि स्वयंपाकघरात डबे आले. कस्टर्ड पावडर, टँग, निडोच्या दुधाचा पिवळा डबा, मॅकरोनी. मी नव्या पद्धतीचे प्रयोग करते म्हणून नातेवाईक कौतुक करतात किंवा नाक मुरडतात, पण खरी प्रयोगशाळा त्या काळातल्या आमच्या मावश्यांची. पाकिटावरचं अरबी त्यांना वाचता येई, कारण कुराण वाचलेलं, पण अर्थ लागत नसे. म्हणून मॅकरोनी बघून त्यांनी ठरवलं की हे शेवयांच्या जातीचं असणार. आणि ती नारळाच्या दुधात, खिमा घालून, आखणीच्या मसाल्यात शिजवली. रमजानात इफ्तारला ती अजून होते. मी एका इटालियन हॉटेलात पहिल्यांदा पास्ता खाल्ला तेव्हा वाटलं, हे नारळ घालायला विसरलेत.

निडोचा डबा रिकामा झाला की त्यात तांदळाचा रवा भरून ठेवायचा. सांदणाचा. आता सांदणाशी माझं जे वैर आहे ते सांगायलाच हवं.

सांदण म्हणजे आमची वाफवलेली, पांढरीशुभ्र, मऊ वडी. तांदूळ भिजवून, वाळवून, रवा काढायचा. नारळाच्या दुधात कालवायचा. आंबवायचं. वाट्यांत घालून वाफवायचं. मटणाच्या रश्शाबरोबर, पायाबरोबर, किंवा नुसत्या नारळाच्या गोड रसाबरोबर. आमच्या शेजारच्या काकूंकडेही सांदण असे, पण ते फणसाच्या रसाचं, पिवळं, गुळाचं. अलिबागकडचे बेने इस्रायलीही सांदण करतात. एकच नाव, तीन चुली. तसंच मलिद्याचं. आमचा मलिदा म्हणजे कुस्करलेली पोळी, गूळ, तूप, दर्ग्यावर न्यायची. बेने इस्रायलींचा मलिदा म्हणजे पोहे, नारळ, साखर, फळं, एलिया पैगंबराच्या नावाचा. भानोळ्याचंही तसंच. आमच्याकडे कोंबडीचं, पाठारे प्रभूंकडे कोबी-कोळंबीचं. खाली निखारे, झाकणावर निखारे, मधे ते फुगतं. ओव्हन नंतर आला.

भानोळं मला जमतं. ओव्हनमध्ये, एअर फ्रायरमध्ये, एकदा तर गॅसवर तव्याखाली तवा ठेवून. सांदण जमत नाही. आंबवायला नानी नारळाचं पाणी रात्रभर ठेवून ते वापरते. मी तसं केलं तर तळोज्याच्या हवेत त्याला वास आला आणि सांदणं विटांसारखी झाली. मग यीस्ट वापरलं. जुलै महिना, पीठ झाकून मी शाळेत गेले. शाळेत त्या दिवशी मोठ्या साहेबांनी अचानक सभा घेतली आणि साडेपाचपर्यंत बसवून ठेवलं. घरी आले तर पिठाने झाकण उचललेलं, ओट्यावरून उतरून ते फ्रिजच्या दिशेने निघालेलं. अम्मी खुर्चीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "मैंने हाथ नहीं लगाया. सोचा, इसका कुछ रिवाज होगा."

उरलेल्या पिठात त्यांनी कांदा, मिरची, कोथिंबीर घातली आणि जाड धिरडी काढली. सगळ्यांनी खाल्ली. आता आमच्याकडे सांदण फसलं की मिरजेचं धिरडं होतं, त्याला नणंदेने नाव ठेवलंय 'ससुराल'.

तिसऱ्या खेपेला मी फणसाचा रस आणि नारळाचं दूध निम्मंनिम्मं घेतलं, काकूंचं आणि आमचं एकत्र. रंग छान आला. चव दोन्हींपैकी कोणाचीच नाही. नानीला फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "हे कोण?"

शेवटची सहल चौलची, गेल्या जानेवारीत. सकाळी रेवदंडा, पोर्तुगीजांची पडकी तटबंदी, मग मागे चौलला रामेश्वराच्या देवळाची पुष्करणी. अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी 1469 साली एक घोडा घेऊन इथे उतरला, त्याच्या नावाचा स्तंभ रेवदंड्याच्या शाळेत आहे. पण मी अम्मींना त्याच्या साडेपाचशे वर्षं आधीचं दाखवायला आणलं होतं. मसूदी हा बगदादचा लेखक हिजरी 304 मध्ये, म्हणजे 916-17 च्या सुमारास, इथे आला. चौलला तेव्हा सैमूर म्हणत. मुलूख बल्हाराचा, म्हणजे वल्लभराज राष्ट्रकूटांचा, आणि इथे त्यांचा मांडलिक शिलाहार राजा झंझ. मसूदी सांगतो, गावात सुमारे 10,000 मुसलमान राहतात. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि बयासिरा. त्यांच्यातला एक मुखी राजा नेमतो, तो त्यांचे तंटे सोडवतो.

"बयासिरा कौन?" अम्मींनी विचारलं. पुष्करणीच्या पायरीवर बसल्या होत्या, गुडघे दुखत होते.

मसूदी त्याचा अर्थ देतो. इथे, हिंदुस्थानात, मुसलमान आईबापांपोटी जन्मलेले. म्हणजे तो आला तेव्हाच पोरं मोठी झालेली होती. मी त्यांना म्हटलं, अम्मी, या दहा हजारांत मला एकाही बाईचं नाव सापडत नाही. सापडलं तर तुम्हाला लेखी दाखवेन.

त्यांनी थोडा वेळ पाण्याकडे बघितलं. "नाम का क्या," म्हणाल्या, "मेरी दादी का नाम मुझे नहीं मालूम. उसकी चटनी मालूम है."

चटणी आम्ही चिंचणीला खाल्ली होती, शेंगदाण्याची, वर कच्चं तेल.

परतताना रेवदंड्याच्या बाजारात गाडी थांबवली. कोळणी ओळीने बसलेल्या. एकीपुढे टोपलीत तिसऱ्या, ओल्या गोणपाटाखाली. मी पाहिल्या आणि गप्प राहिले, कारण गाडीत बर्फ नव्हता आणि घर दोन तासांवर होतं. अम्मी काठी टेकत खाली उतरल्या. टोपलीसमोर वाकल्या, एक शिंपला दोन बोटांत धरून उलटापालटा केला, कानाशी नेला आणि परत टाकला.

"मुँह बंद है सबके?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. मग कोळणीकडे वळून, मिरजेत शिकलेल्या त्यांच्या कडक मराठीत, "वाटा केवढ्याला?"

"दोनशे, सकालच्याच हायेत."

"दोनशेला दगडं विकताय होय," अम्मी म्हणाल्या, "शंभर देते, आणि वर मूठभर जास्ती घालायच्या."